बाटलीवर जवस लिहिलं होतं

अहो, आता ऐकावंच लागेल तुम्हाला. वाद अंगावर यायला लागला की पाण्याची नळी उचलून बागेत जायची तुमची सवय. "झाडं सुकलीत" म्हणायचं आणि सटकायचं. भर श्रावणातसुद्धा झाडं सुकायची तुमची! आता ती सोय राहिली नाही. बसा समोर.

आज सोळा दिवस झाले. चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं, आपला अभय परवा पुण्याला परत गेला, मागून आणलेली मोठी पातेली ज्याची त्याला पोचली. इंद्रपुरीतल्या या घरात आता मी आणि तुमचा चष्मा. तो कुठे ठेवायचा ते कळत नाही, म्हणून तुम्ही ठेवला होता तिथेच आहे, टीव्हीशेजारी. इथल्या मराठी मंडळाने तुमच्यावर चार शब्द लिहून मागितले होते. तुमची नोकरी, बढत्या, गणपतीतला हिशोबीपणा, ते सगळं अभयने लिहून दिलं. मला जे लिहायचंय ते मंडळाच्या अंकात छापण्यासारखं नाही. नऊ वर्षं एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, आणि त्यापायी तुम्ही एका बाईला तिच्या तोंडावर खोटारडी म्हणालात. मी तिथेच उभी होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला अर्धवट सांगितलेलं चालत नाही.

तुम्हाला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. आपण अजून पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो. एका सकाळी तुम्ही मोरीतून हाक मारलीत, "शैला, हा नळ कुणी एवढा आवळला?" नळ कुणीच आवळला नव्हता. तुमच्या बोटांना तो फिरत नव्हता. उजव्या हाताची मधली दोन बोटं, मग मनगटं, मग पायाचे चवडे. टर्बाइनच्या ब्लॉकमध्ये तपासनीस म्हणून तुमचा केवढा दरारा, आणि मायक्रोमीटरचा तो एवढासा स्क्रू फिरवायला हाताखालच्या माणसाला सांगावं लागायला लागलं. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. तुमच्या हाताखालच्या माणसाच्या बायकोने सांगितलं, माझ्या औषधांच्या खिडकीपाशी. मी कारखान्याच्या इस्पितळात औषधं देत होते, त्यामुळे कॉलनीतलं प्रत्येक दुखणं माझ्या खिडकीवर येऊनच पुढे जायचं. घरातलं तेवढं शेवटी आलं.

आमवात निघाला. आपलंच शरीर आपल्या सांध्यांना चावतं, असं तुम्ही अभयला फोनवर सांगितलंत, आणि अगदीच काही चूक सांगितलं नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाई हुशार होत्या आणि घाईत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गोळी तर घ्यायचीच, ती सोडायची नाही. पण सोबत माशाचं तेल घेऊन बघा. सकाळचा आखडेपणा काही लोकांचा कमी होतो. दोन-तीन महिने लागतील."

"माशाचं?" तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. जणू बाईंनी टेबलावर बांगडाच ठेवला होता.

घरी येईपर्यंत स्कूटरवर एक शब्द नाही. घरी आल्यावर मात्र सुटलात. "तेलच हवं ना सांध्यांना? मग कुठलंही चालेल. बेअरिंगला काय कळतं तेल कुणाचं आहे!" तीस वर्षं बेअरिंगं तपासलेल्या माणसाच्या डोक्यात हेच येणार. अख्ख्या कॉलनीच्या डोक्यात तेच होतं. गुडघे म्हणजे बेअरिंग, आणि तेल म्हणजे वंगण. मी किती डोकं फोडलं तुमच्यापुढे! अहो, ते तेल सांध्यापर्यंत वंगण म्हणून जातच नाही. पोटात पचतं, रक्तात जातं, आणि अंगातल्या प्रत्येक पेशीच्या कडेला जी चरबी असते तिच्यात हळूहळू जाऊन बसतं. शरीराला सूज आणायची असली की ते याच चरबीतून निरोप तयार करतं, की पेटवा इथे, लाल करा, दुखवा. आपल्या रोजच्या तेलांतून येणारी जी चरबी, तिच्यातून निघणारे निरोप जहाल. माशाच्या तेलातून निघणारे सौम्य. शिवाय सूज आवरती घेणारे काही निरोपही त्याच्यातूनच निघतात. म्हणून आग विझत नाही, पण जरा मंद होते. जुनी चरबी जाऊन नवी बसायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने.

"मग तीच चरबी जवसातही असते," तुम्ही म्हणालात. कुठेतरी वाचून ठेवलं होतंत. "असते," मी म्हटलं, "पण कच्ची. तिला माशातल्यासारखी करायचं काम शरीराला करावं लागतं, आणि ते शरीर अगदी थोडं करतं." "माझं करील," तुम्ही म्हणालात, आणि गेलात झाडांना पाणी घालायला.

आता माझं एक सांगते. मी मुरूडची. आमच्याकडे सकाळी कोळीण दारात आली नाही तर घरात कुणी आजारी आहे का असं शेजारी विचारायचे. नोकरीसाठी भोपाळला आले, तुम्ही भेटलात, लग्न केलं, मासे सुटले. "मी तिला सोडायला लावले नाहीत," हे तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचात. खरंच आहे. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "तुझं तू बघ, पण माझ्या भांड्यांत नको." दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुसरी भांडी ठेवणार कुठे, कपाळावर? मे महिन्यात माहेरी गेले की खाऊन घ्यायची आणि परतीच्या गाडीत बडीशेप चघळत बसायची. मी कधी तक्रार केली नाही. मनात होती का, तर होती. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

जवसाच्या कॅप्सुली आल्या. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवणाच्या आधी. आणि तुम्ही वही घातलीत. उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती मिनिटं, ते रोज लिहायचं. ऐंशी. पंच्याऐंशी. सत्तर. नव्वद. चार महिने झाले, आकडे तिथल्या तिथेच. तुमचा हेका सुटला नाही.

मग तो मंगळवार. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता आणि तुम्ही अजून आरशासमोर होतात. शर्टाची खालची तीन बटणं लागली होती, वरची दोन राहिली होती. मी डबा घेऊन आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. खांदे हलत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमची आई गेली तेव्हासुद्धा तुम्हाला असं पाहिलं नव्हतं. मी डबा ठेवला, बटणं लावली. तुम्ही म्हणालात, "उशीर झाला." तेवढंच.

त्याच दिवशी ड्यूटी संपल्यावर मी न्यू मार्केटला गेले आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सुली आणल्या. पिवळ्याधमक, तशाच लांबट. जवसाच्या शेजारी ठेवल्या तर मीसुद्धा ओळखल्या नसत्या. जवसाच्या मी पुडीत बांधून पिशवीत टाकल्या, आणि त्यांच्या बाटलीत माशाच्या भरल्या. हात थरथरला म्हणून सांगू? नाही थरथरला. उलट आत कुठेतरी गंमत वाटली. घ्या आता, म्हटलं मनात, माझ्या भांड्यांत नको काय! माझं प्रेम होतं तुमच्यावर, आणि ही खुन्नसही होती. दोन्ही एकाच हाताने बाटलीत भरलं.

आठवड्याभरात तुम्ही ढेकर देऊन नाक मुरडलंत. "शैला, याला कसला तरी वास येतोय." औषधांच्या खिडकीवर उगाच नव्हते बसले इतकी वर्षं. "जवसाचं तेल जुनं झालं की असाच वास मारतं," म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्या दिवसापासून बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लागले. गार कॅप्सूल पोटात उशिरा विरघळते, ढेकर कमी येतात. तुम्ही म्हणालात, "बघ, ताजी बाटली आणली की नाही वास येत." मी हो म्हटलं. घरातली औषधं मीच आणायचे, त्यामुळे पुढची प्रत्येक बाटलीही मीच भरली.

तिसऱ्या महिन्यात वहीत पन्नास आला. मग चाळीस. मग एकदा पंचवीस! तुम्ही वही घेऊन स्वयंपाकघरात आलात आणि कणकेत माखलेला माझा हात धरून मूठ आवळून दाखवलीत. दुखली माझी बोटं. संध्याकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे उभे राहून म्हणालात, "मार्ग सोडला नाही, म्हणून गुण आला." मी मागे उदबत्ती लावत होते. तेव्हा पहिल्यांदा गंमत वाटायची बंद झाली.

तुम्हाला ते फोर्जिंगचं प्रकरण आठवत असेलच, आयुष्यभर सांगितलंत ते. बाहेरून आलेला घडीव सुट्या भागांचा सबंध लॉट तुम्ही परत पाठवला होतात. माल उत्तम होता, प्रयोगशाळेने चाचणी करून तसं लिहून दिलं होतं. पण मालावर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नव्हता. साहेब घरी आले, याच वेताच्या खुर्चीत बसून म्हणाले, "माल तर चांगलाच आहे ना!" तुम्ही म्हणालात, "साहेब, चांगला असेल, पण काय आहे ते मला माहीत नाही. जे माहीत नाही त्यावर मी सही करत नाही." आणि त्याच माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोने, नऊ वर्षं रोज सहा कॅप्सुली... जाऊ द्या.

खरं तर तो गुण मासळीच्या तेलानेच आला का, हेही मला ठामपणे सांगता येत नाही. त्याच महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी गोळीही थोडी वाढवली होती. एका माणसाची एक वही, त्यात दोन गोष्टी एकदम बदललेल्या. तुमच्यापुढे असा रिपोर्ट आला असता तर तुम्ही तो टेबलावरून खाली ढकलला असता. म्हणजे कदाचित मी तुम्हाला फसवलं तेही फुकटच. हे मला अलीकडे फार छळतं.

पण तुमचा मात्र जवस सिद्ध झाला! रिटायर झालात, क्वार्टर सोडून इकडे इंद्रपुरीत आलो, आणि तुम्ही जवसाचे प्रचारकच झालात. करोंदच्या मंडीतून गोणीने जवस आणायचा, भाजायचा, चटणी कुटायला मला बसवायचं, आणि पुड्या वाटायच्या. गणपतीत मंडळात तुमचं भाषण ठेवलं. वही वाचून दाखवलीत तुम्ही, महिन्यांवारी. टाळ्या पडल्या. "गोळीसोबत घ्यायचं, गोळीच्या ऐवजी नाही," असं तुम्ही म्हणाला होतात, ते मी या कानांनी ऐकलंय. एकदा म्हणालात. जवस मात्र चाळीस वेळा म्हणालात.

पहिल्या रांगेत साधना बसली होती. दोन घरं सोडून राहणारी, इंदूरची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिलाही तेच दुखणं, नुकतंच निघालेलं. गोळीच्या दिवशी तिला दिवसभर मळमळायचं, अन्न जायचं नाही. भाषण संपल्यावर ती जवळजवळ पळतच आली, "भाऊ, मला पण द्या ना चटणी. मी तर त्या गोळीने बिलकुल परेशान आहे." तुम्ही खूश. दर पंधरा दिवसांनी चटणीची बरणी तिच्या घरी.

चार-पाच महिन्यांनी एकदा भाजीच्या ठेल्यापाशी ती मला सहज म्हणाली, "वहिनी, गोळी तर मी केव्हाच बंद केली. भाऊंचं बघून हिंमत आली." माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. म्हटलं, "साधना, अगं नको असं करू. यांनी गोळी एक आठवडा चुकवलेली नाही. चटणी हे जेवण आहे, औषध नाही. गोळी हाडं सांभाळते." ती हसली. "तुम्ही दवाखान्यावाल्या, तुम्ही असंच म्हणणार. भाऊंची वही तर मी पाहिली ना!" मी म्हणू शकले असते, ती वही जवसाची नाही गं. एका वाक्याचं काम होतं. ठेलेवाला पैशासाठी थांबला होता, मी मेथी उचलली आणि घरी आले.

दीड वर्षात तिच्या हातांचं जे व्हायचं ते झालं. बोटं मुळापासून बाहेरच्या बाजूला झुकली. आतली हाडं खाल्ली गेली की ती परत भरून येत नाहीत. तिच्या मुलीने तिला धरून बांधून डॉक्टरांकडे नेलं, गोळी परत चालू झाली, सूज उतरली. वाकडेपणा तसाच राहिला. अगदी माशाचं तेल घेतलं असतं तरी हाडं वाचली नसती, हे मला पक्कं माहीत आहे. पण मी खरं सांगितलं असतं तर तिची त्या वहीवरची श्रद्धा उडाली असती आणि ती वर्षभर आधी गोळीकडे वळली असती. हेही मला तितकंच पक्कं माहीत आहे.

आणि मग ती दुपार. साधना आली, सोफ्याच्या कडेवर बसली, हात पदराखाली. म्हणाली, "भाऊ, तुम्हाला दोष देत नाही. पण कोणाला सांगाल तर जरा सांभाळून सांगा. मला तर काहीच फायदा झाला नाही."

तुम्ही चष्मा काढलात. तो काढलात की मला कळायचं, आता कुणाची तरी धडगत नाही. "रोज खात होतात?"

"रोज. दोन चमचे."

"नेमाने?"

"कसम से भाऊ, एक दिवस सोडला नाही. लग्नाला गेले तर बरणी घेऊन गेले."

"वही ठेवलीत? नाही ना? मग कशावरून? नेमाने खाल्लं असतं तर गुण यायलाच हवा होता. माझ्या वहीत आहे. तुम्ही खाल्लं नाहीत आणि आता नाव मात्र जवसाला ठेवता. निदान खोटं तरी बोलू नका, साधनाताई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चहा गाळत होते. गाळणीत चोथा किती साचला तरी मी गाळतच होते. तिने चहा घेतला नाही. त्यानंतर ती आपल्या घरी आली नाही, आणि तुम्ही दर दोन महिन्यांनी म्हणत राहिलात, "लोकांना नेम नको असतो."

का नाही बोलले? विचाराल ना, विचारायलाच हवं. तुम्ही मारकुटे नव्हतात, ओरडणारेही नव्हतात. मला भीती वेगळीच होती. तुम्ही उठला असतात, अंघोळ केली असतीत, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा भात स्वतः लावला असतात. माझ्या हातचं पाणीसुद्धा बघून प्यायला असतात. एका शब्दाने टाकून बोलला नसतात, आणि मी त्या घरात जिवंतपणी परकी झाले असते. साधनाची बोटं एकीकडे आणि तुमचं ताट दुसरीकडे, अशी निवड होती ती. मी तुमचं ताट निवडलं. लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

शेवटच्या वेळी इस्पितळात नेलं, ताप होता, धाप लागत होती. सिस्टरने कागद पुढे घेऊन विचारलं, "अंकल, घर पे कौन कौन सी दवा चलती है?" तुम्ही धापांमधूनसुद्धा व्यवस्थित सांगितलंत. आठवड्याची गोळी, वार कुठला, रक्तदाबाची अर्धी, "और अलसी का तेल, नौ साल से." सिस्टरने लिहून घेतलं. ती बाहेर गेली तशी मी तिच्यामागे गेले. म्हटलं, "सिस्टर, वो काट दीजिए. अलसी नहीं, मछली का तेल है." रक्त पातळ-बितळ होण्याचा प्रश्न असतो, डॉक्टरांना खरं कळायला हवं, एवढी अक्कल मला होती. तिने खोडलं, वर लिहिलं, आणि विचारलं, "अंकल को मालूम नहीं है?" मी मान हलवली. त्या पोरीने माझ्याकडे बघून घेतलं नुसतं आणि पुढच्या खाटेकडे गेली. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोलले, तेही कॉरिडॉरमध्ये, एका अनोळखी मुलीशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "शैला, साधनाला मी जरा जास्तच बोललो."

मी सालं कागदात गोळा केली.

"तिचे हात तसे झालेले. त्या वेळी बोलायला नको होतं." मग, "पण बोलली मात्र ती खोटं. ते मला लागलं."

अहो, तेव्हा तुम्ही शुद्धीत होतात. आवाज खणखणीत होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. देवाने याहून सरळ जागा कुणाला करून दिली नसेल. मी म्हटलं, "बोलू नका जास्त, धाप लागेल," आणि मोसंब्याची फोड तुमच्या तोंडात घातली. तुम्ही खाल्लीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाचंच ऐकण्यासारखे राहिला नाहीत.

तुमच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला मला वेळच मिळत नाही, कळतंय का? रडायला बसते आणि मध्येच ही फोड आठवते. तुम्ही मला पोटभर रडूसुद्धा देत नाही. चांगलं किती होतं आपलं! माझ्या पाळीच्या दिवसांत क्वार्टरमधली सगळी भांडी तुम्ही घासायचात, पडदा ओढून, कुणाला दिसू नये म्हणून. मुरूडला दादा गेला तेव्हा दोन दिवस आणि दोन गाड्या बदलून माझ्याबरोबर आलात, आणि घरभर मासळीचा वास असताना अंगणात बसून नुसते पोहे खाल्लेत, पण उठून गेला नाहीत. असा माणूस कदाचित खरं ऐकून घेऊ शकला असता. ते मी तुम्हाला करूच दिलं नाही.

काल साधना आली. चौदाव्याला गर्दीत आली होती, बसली नव्हती. काल एकटी आली, सोफ्याच्या त्याच कडेवर बसली आणि एकदम रडायला लागली. "भाऊ माझ्यावर रागावूनच गेले, वहिनी. माझ्या मनातून ते जातच नाही. मी सच्ची रोज खात होते हो. त्यांना एकदा तरी वाटलं असेल का, की ही खरं बोलत असेल म्हणून?"

मी तिला सांगितलं. सगळं. न्यू मार्केट, बाटली, बर्फाचा कप्पा, वही. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिचं रडणं थांबलं. ती आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे भाऊंनी मला खोटारडी म्हटलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही तिथे चहा गाळत होतात."

"हो, साधना."

ती उठली. दारात तिच्या सँडलचा पट्टा बकलात जाईना. तिच्या त्या बोटांनी बकल लावणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी पटकन खाली वाकले, हात पुढे केला. तिने पाय मागे घेतला. "राहू द्या, वहिनी. मी करते." मग तिने ते केलं. एक पट्टा, मग दुसरा. मी शेजारी उभी होते आणि तिने एकदाही वर पाहिलं नाही. फाटक लावून गेली.

तुम्हाला ती खोटं बोलली ते लागलं होतं ना? तेच मनात घेऊन गेलात. म्हणून हे लिहिलं, दुसऱ्या कशासाठी नाही. अहो, साधना रोज खात होती. दोन चमचे, एक दिवस न चुकता. खोटं बोलणारी त्या खोलीत मी होते.